यंदा केक नाही

३ सप्टेंबर, मंगळवार

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज सकाळी चार बाटल्या हुंगायच्या आणि काय वाटलं ते वहीत लिहायचं. नाक कधीकधी अशाने परत शिकतं म्हणे. कधी, ते सांगितलं नाही.

आज: लवंग, नाही. लिंबू, नाही. निलगिरी, नाकात गार वारा गेल्यासारखं वाटलं, पण वास नाही. गुलाब, नाही.

झालं लिहून. पण पान जवळजवळ सगळं मोकळं राहिलंय, आणि हे कुणाला तरी सांगावं असं जूनपासून वाटतंय. तेव्हा वहीलाच सांगते. जूनमधल्या तापाने माझा वास नेला. ताप चार दिवसांत गेला, वास आला नाही. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जिभेला कळतं. त्यापुढचं काही नाही. उकळलेलं दूध आणि करपलेलं दूध माझ्या लेखी एकच.

माणूस शिक्षक असता, कारकून असता तर चाललं असतं. मी अतिथीगृहाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं गोडाचं बघते. कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

८ सप्टेंबर, रविवार

चारही नाही. निलगिरीचा गार वारा तेवढा आहे.

काल धाकट्या मालकीणबाईंनी बोलावलं. थोरले मालक गेल्यावर आता सगळं त्याच बघतात. ही मुलगी लहानपणी शाळा सुटली की आमच्या पिठाच्या पिंपावर बसून पाय हलवत असायची. तेव्हा मी तिला 'अगं' म्हणायचे. आता 'अहो' म्हणते, आणि दर वेळी जीभ अडखळते. ती मात्र अजून मला मावशीच म्हणते.

"मावशी, ऑक्टोबरातल्या सुट्टीचं जेवण यंदा मोठं करायचंय. सेहेचाळीस पाहुणे. गोडाचे तीन पदार्थ ठरवा आणि नऊ तारखेला मला खाऊन बघू द्या. दालचिनीचा केक तर हवाच."

"हो तर," मी म्हटलं.

"आणि राग मानू नका, पण शहरातल्या एका मोठ्या मिठाईवाल्याशीही मी बोलतेय. त्यांचं सगळं डब्यांतून तयार येतं. बघू या."

राग कशाला मानू? तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. पण घरी येऊन आधी चारही बाटल्या परत हुंगल्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज कस्टर्डसाठी दूध ठेवलं होतं. मी पलीकडे सफरचंदं चिरत होते. शिंपीणबाई धावत आली, पातेलं उचललं आणि सरळ मोरीत ओतलं. शिंपीणबाई म्हणजे माझी मदतनीस. आधी कपडे शिवायची, डोळे कमजोर झाले तशी इकडे आली. आता सहा वर्षं झाली.

"अगं, काय करतेस!"

"ताई, माझंच चुकलं. आच मोठी ठेवली मी. खाली लागलं."

मी तिला चांगलीच झापली. इतकी वर्षं काम करून दूध सांभाळता येत नाही म्हणजे काय? ती मान खाली घालून पातेलं घासत राहिली. नंतर आठवलं, गॅस मीच पेटवला होता. मग आच तिने कधी मोठी केली? केली असेल. हल्ली तिचं लक्ष नसतं खरं. दिवसभर माझ्या अवतीभवतीच घुटमळत असते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

लिंबू, नाही. बाकीचं लिहायचा कंटाळा आला.

मला खरी भीती कसली वाटते, ते एकदा लिहून टाकते. मला वाटतं, मी कधीच चांगली स्वयंपाकीण नव्हते, फक्त नाक चांगलं होतं. दालचीनी किती घालायची हे मी कधी मोजलंच नाही. घालत जायचे आणि वास 'पुरे' म्हणाला की थांबायचे. आता कोण 'पुरे' म्हणणार? लोणी तपकिरी झालंय की जळलंय हे कोण सांगणार? कुणाला विचारलं तर लगेच कळेल, आणि कळलं की दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्याचे डबे दारात.

२१ सप्टेंबर, शनिवार

गंमत. परवाचं पान उघडलं तर 'दालचीनी'तली दीर्घ ची पेन्सिलीने खोडून ऱ्हस्व केलेली, आणि एके ठिकाणी स्वल्पविराम दिलेला. मीच केलं असणार. मुद्रितशोधकाबरोबर सत्तावीस वर्षं संसार केला की हात आपोआप चालतात.

वही टेबलक्लॉथच्या खणात अगदी तळाशी असते. तिथे कुणी जात नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांचं काय बिनसलंय कळत नाही. छापखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आजवर काहीही वाढलं की ह्यांचा एकच शब्द, 'बरंय'. लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या पुडिंगलाही 'बरंय'. आणि आज दुपारी, मी न्यायला विसरलेला डबा घेऊन थेट स्वयंपाकघरात हजर! डबा मी विसरले नव्हते. भरलाच नव्हता.

"आलोच आहे तर बघू काय चाललंय," म्हणाले आणि चमचा घेऊन पुडिंगच्या ट्रेपाशी उभे राहिले. एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि सुरू झाले, "लोणी छान भाजलंय, अक्रोडासारखं लागतंय. जळलेलं नाही. आलं मागून येतं, पण जरा उशिरा येतं. अजून चिमूटभर चालेल. व्हॅनिला ठीक. अंड्याचा वास नाही."

मी बघतच राहिले. शिंपीणबाई खिडकीकडे तोंड करून फडकं पिळत होती, कोरडंच.

"तुम्हाला बरं आहे ना?" मी विचारलं.

"मला काय झालंय? रिकामा माणूस आहे, बोलतो आपलं."

आल्याची चिमूट मात्र पुढच्या ट्रेला घातली. आयतं सांगतायत तर का सोडा?

१ ऑक्टोबर, मंगळवार

हे आता रोज येतात. रोज वेगळं निमित्त. काल छत्री आणली, ऊन असताना. येतात, चाखतात, पानभर बोलतात, जातात. निवृत्तीनंतर माणसं अशी होतात असं ऐकलं होतं.

आज घरी दालचिनीचा केक करून पाहिला. पीठ-साखरेचं माप जुन्या वहीतून काढलं, दालचिनीही अंदाजाने एक माप ठरवून तराजूने तोलून घातली. दिसायला तर देखणा झाला. वर सोनेरी, आत जाळी पडलेली. ह्यांच्यापुढे तुकडा ठेवला. एक घास खाऊन चमचा खालीच ठेवून दिला.

"काय झालं?"

"केक मऊ आहे. गोडी बरोबर. पण दालचिनी बोलत नाही. जुनी झाली असेल, सत्त्व उडालंय. भिजलेला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं."

डबा उघडून बघितला. दालचिनी गेल्या वर्षीची निघाली. म्हणजे सेहेचाळीस माणसांना मी पुठ्ठा खाऊ घातला असता, आणि वर हसून 'कसा झालाय?' असं विचारलंही असतं.

गच्चीवर जाऊन दोरीवरचे कपडे काढले. त्यातले दोन शर्ट ओलेच होते, ते परत वाळत घातले. मग ठरवलं. नवीन दालचिनी आणता येईल, पण ती किती बोलते हे मला कधीच कळणार नाही. ज्याची मला स्वतःला खात्री देता येत नाही ते मी पाहुण्यांपुढे ठेवणार नाही. यंदा केक नाही.

मग काय ठेवणार, ते ठरलेलं नाही. आठ दिवस उरलेत.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मला काय काय कळतं ह्याची आज यादी करायला बसले. वाटलं होतं दोन ओळी होतील. गरम कळतं. गार कळतं. कुरकुर कानाला कळते, आणि ती पूर्वीपेक्षा जास्त कळते. गुळगुळीत, रवाळ, तुटणारं, विरघळणारं, सगळं कळतं. आंबट तर असं कळतं की कानशिलं दुखतात. कडू कळतं. मिठाचा कण जिभेवर फुटतो तो कळतो. यादी पानाखाली गेली.

म्हणजे मी आंधळी झालेली नाही. एक खिडकी बंद झालीय, घर आहे तिथेच आहे.

सकाळी शिंपीणबाईला बाजारात पाठवून कडक नासपती आणि आंबट प्लम आणायला सांगितले. "केकला प्लम कशाला?" तिने विचारलं.

"केकला नाहीत."

तिचा चेहरा एकदम उजळला. केकचा तिला काय एवढा त्रास होता कोण जाणे.

७ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवस वेड लागल्यासारखं काम केलं आणि तीन पदार्थ ठरले.

पहिला: नासपतीच्या फोडी लोण्यात परतून गरमागरम, वर आंबट प्लमचा घट्ट रस आणि शेजारी बर्फासारखं गार क्रीम. तिन्ही एकाच चमच्यात यायला हवं.

दुसरा: साखर वितळवून, अक्रोड घालून, कागदाइतका पातळ ओतलेला पापुद्रा. गार झाला की हाताने मोडायचा. वर मिठाचे खडे. मोडताना आवाज आला पाहिजे, नाहीतर तो टाकून द्यायचा.

तिसरा: कडू चॉकलेट आणि कॉफीचं फेसाळ मूस, अगदी कमी साखरेचं. ते तोंडात ठेवलं की आहे, आणि लगेच नाही.

पापुद्र्यासाठी साखर आचेवरून कधी उतरवायची हे मी आता बुडबुड्यांच्या आवाजावर ठरवते. आधी ते बारीक आणि घाईघाईने फुटतात, मग जाड आणि संथ होतात, आणि रंग गर्द मधासारखा झाला की क्षणभर गप्प. तेव्हा उतरवायचं. सोळा वेळा केला. शेवटचे नऊ एकसारखे आले.

हे आज फक्त पापुद्रा मोडत बसले होते. कट. कट. कट. "ह्यात चूक काढायला जागा नाही," म्हणाले. ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

मालकीणबाईंच्या खोलीत तिन्ही ताटल्या मांडल्या. त्यांनी आधी टेबलावर नजर फिरवली.

"केक कुठाय?"

"यंदा केक नाही."

"मावशी, लोक त्या केकसाठी येतात."

"एकोणीस वर्षं आले. यंदा ह्याच्यासाठी येतील." हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की मलाच ते दुसरं कुणी बोलल्यासारखं वाटलं. हात पाठीमागे घट्ट धरले होते.

त्यांनी नासपती खाल्ली. मूस खाल्लं. पापुद्र्याचा तुकडा मोडला, आवाज झाला तशी भुवई वर गेली. टिपणवहीत काहीतरी लिहिलं.

"धाडस आहे. बरं, होऊ द्या. पण ताटल्या भरलेल्या परत आल्या तर पुढच्या वर्षीपासून मिठाईवाला. चालेल?"

"चालेल."

दाराशी जाऊन सहज मागे पाहिलं. बाई एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने पापुद्रा खात होत्या, खुर्चीत पाय हलवत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पाहुण्यांची यादी आली. जज्जसाहेब आणि त्यांच्या पत्नी, टेबल तीन. झालं! निवृत्त न्यायाधीश, दर वर्षी येतात, आणि एकोणीस वर्षांत त्या माणसाने माझ्या गोडाला हात लावलेला नाही. ताटली जशी जाते तशी परत येते. चमचासुद्धा सरळ रेषेत. एकदा धीर करून वाढप्याकडून विचारून घेतलं, तर निरोप आला, 'छान आहे, पोट भरलंय.' पोट फक्त माझ्याच वेळेला भरतं.

एक ताटली तर परत येणार, हे धरूनच चालते. पंचेचाळीस.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज सुट्टीचं जेवण झालं. सगळं ओळीने लिहिते, नाहीतर गडबडीत राहून जाईल.

सकाळपासून धुकं होतं. खिडक्यांच्या काचांवर पाणी साचलं होतं. काल दुपारी केलेले सगळे पापुद्रे डब्यांत बंद होते. साडेअकराला एक काढला, मोडला. आवाज झाला, पण 'कट' नव्हे. 'कच्'.

"बरोबर तर आहे," शिंपीणबाई म्हणाली.

"बरोबर आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्या तेवढ्यात डोकावल्या होत्या.

हे पण म्हणाले, "मला फरक कळत नाही."

मला कळत होता. तासाभरात तो दाताला चिकटणार होता. आत्ता तो दमट आहे हे त्या खोलीत फक्त माझ्या कानांना माहीत होतं. जूनपासून पहिल्यांदाच मला असं काही कळलं होतं जे दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं.

"सगळे टाका," मी म्हटलं. "नवे करायचे."

"मावशी, दीड तास आहे!"

"अगं, दीड तासात मी चार वेळा करीन!" 'अगं' तोंडून निसटलं. तिनेही ते ऐकलं, आणि बाह्या वर केल्या.

मग काय चाललं होतं विचारू नका. तीन पातेली साखर एकाच वेळी आचेवर. मी मधे उभी. "बोलू नका कुणी!" असं ओरडले आणि स्वयंपाकघर चिडीचूप झालं. नुसते बुडबुडे. पहिलं पातेलं, उतरव. तिसरं, उतरव. दुसरं, थांब, थांब, आता! शिंपीणबाई कापड बेतावं तशी बटर पेपरवर साखर पसरत होती, कडेपर्यंत, एकही सुरकुती नाही. मालकीणबाई अक्रोड टाकत होत्या. बारा वाजून चाळीस मिनिटांनी पहिला पापुद्रा मोडला. कट. शिंपीणबाईने टाळी वाजवली.

एकला ताटल्या लागल्या, तिन्ही पदार्थ एकाच ताटलीत. नासपती तव्यावरून थेट, क्रीम फ्रीझरमधून थेट. मधे दोन मिनिटं गेली तरी सगळं फुकट. हे शेवटच्या टोकाला उभे होते, प्रत्येक ताटलीची कड ओल्या फडक्याने पुसत आणि वाकडा पडलेला पापुद्रा सरळ करत. समासाबाहेर काही जाऊ देणार नाहीत! सेहेचाळीस ताटल्या बारा मिनिटांत गेल्या.

मग दार बंद झालं आणि पलीकडची बडबड थांबली. एकदम. मला वाटलं संपलं सगळं. मग आवाज आला. कट. कट, कट. सेहेचाळीस माणसं एका वेळी पापुद्रा मोडत होती. कौलांवर गारा पडल्यासारखं. मग कुणीतरी हसलं, आणि सगळे हसायला लागले.

शिंपीणबाई धुण्याच्या खिडकीपाशी ताटल्या मोजत होती. "चाळीस रिकाम्या... चव्वेचाळीस... ताई, ही तर चाटूनपुसून... सेहेचाळीस... सत्तेचाळीस!"

"सत्तेचाळीस कशा?"

"टेबल तीनवरून दुसऱ्यांदा मागवलं."

टेबल तीन. माझा विश्वास बसेना. तेवढ्यात वाढपी आला, जज्जसाहेबांनी बोलावलंय. एप्रनला हात पुसत गेले. ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी! त्यांच्या पत्नी रुमालाने डोळे टिपत होत्या.

"बाई," ते म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी मोटारीतून पडलो, डोक्याला मार लागला. तेव्हापासून मला वास येत नाही. गोड म्हणजे माझ्यासाठी गोड चिखल. लोकांसमोर सांगायचं कसं, म्हणून पोट भरलंय म्हणत आलो. आज पहिल्यांदा मला कळलं मी काय खातोय. गरम, मग गार, मग आंबट, मग हा आवाज. हे तुम्हाला सुचलं कसं?"

आजूबाजूला सगळे ऐकत होते. मी त्यांच्याकडे वाकले आणि हळूच, फक्त त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मलाही येत नाही. जूनपासून."

 ते खुर्ची ओढून म्हणाले, "बसा." आणि मी, एप्रनसकट, पाहुण्यांच्या टेबलाशी बसले. त्यांनी आपल्या ताटलीतला उरलेला पापुद्रा मोडून अर्धा मला दिला. एकोणीस वर्षांत माझं गोड मी पाहुण्यांबरोबर कधी खाल्लं नव्हतं. चांगलं झालं होतं. खरंच चांगलं झालं होतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

निलगिरी गार. बाकी नाही. असू दे.

मालकीणबाईंनी बोलावलं. मिठाईवाल्याला नकार कळवलाय. वसंतातल्या सुट्टीचंही जेवण माझ्याकडे, आणि पदार्थ मी ठरवायचे, त्या फक्त खाणार. 'हो' म्हणण्याआधी मी सगळं सांगून टाकलं. ताप, नाक, चार बाटल्या, पुठ्ठ्याचा केक.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "तरीच केक नाही!" मग जरा विचार करून म्हणाल्या, "मावशी, मग वासाचं बघायला तुमच्याजवळ एक माणूस हवं. हक्काचं."

शिंपीणबाईचं नाव सांगितलं. आजपासून मदतनीस नाही, जोडीदार. तिला बातमी दिली आणि खरं कारणही सांगितलं. ती "अगंबाई! हो का?" म्हणाली, जरा जास्तच मोठ्यांदा. बिचारीला धक्काच बसला असणार.

राहता राहिले हे. संध्याकाळी चहा ठेवला आणि समोर बसवलं. म्हटलं, रागावू नका, मी चार महिने तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. सगळं सांगितलं. हे कपाकडे बघत ऐकत राहिले. एकदाही मधे बोलले नाहीत, एकही प्रश्न नाही. महिनाभर पानपानभर बोलणारा माणूस परत गप्प!

"काही बोला तरी," मी म्हटलं.

"बरं केलंस सांगितलंस," म्हणाले. मग जरा वेळाने, "म्हणजे आता शिंपीणबाई चाखणार. मी उद्या यायचं की नको?"

एवढं मोठं सांगितलं आणि ह्यांना पडलंय ते चाखायचं! म्हटलं, यायचं. न यायला काय झालं?

लगेच उठून छत्री कुठेय ते शोधायला लागले. आभाळ निरभ्र आहे.

चार महिने एका घरात राहून ह्या माणसाला पत्ता लागू दिला नाही. गोडाचं जाऊ दे, पण गुपित ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, एवढं आज कळलं.